एका हाताच्या अठरा पाट्या

अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी भरताची वांगी भाजत होते. "अंगणवाडीतले अनुभव लिहा ताई, जरा हृद्य असू द्या," असं ते म्हणाले. हृद्य म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. गोजिरवाणी मुलं, त्यांचे बोबडे बोल आणि शेवटी ताईंच्या डोळ्यांत पाणी. तीसेक वर्षं मी अंगणवाडी चालवली, त्यात माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते बहुतेक वेळा खिचडीच्या फोडणीनं. तेव्हा हृद्य राहू द्या. त्याऐवजी मी केलेली एक लबाडी सांगते. आता मी निवृत्त झाले आहे, शिवाय गावात ती सगळ्यांना माहीतच आहे, तर तुमच्यापासून लपवण्यात काही अर्थ नाही.

आमचं गाव अमळनेरपासून एसटीनं पाऊण तासावर. नाव लिहीत नाही, कारण यातली निम्मी माणसं मला अजून गिरणीवर दळणाच्या रांगेत भेटतात. अंगणवाडी म्हणजे एक खोली, पुढं ओटा, मागं चूल मांडायची जागा, आणि माझ्या जोडीला मदतनीस लताबाई. लताबाई खिचडी शिजवायच्या, पोरांना घरोघरून गोळा करून आणायच्या, आणि माझं काही चुकलं की मोठ्यानं भांडी घासायच्या.

बाहेरच्या माणसाला वाटतं की अंगणवाडीत खिचडी शिजते आणि पोरं झोपा काढतात. मुलांची वजनं घेणं, लसीच्या दिवशी आया गोळा करणं, मोबाइलवर माहिती भरणं आणि रेंज गेली की ओट्यावर उभं राहून तीच माहिती पुन्हा भरणं, हे सगळं त्यांना दिसत नाही. आणि यातून वेळ उरला की आमचं खरं काम, म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना खेळवणं. खेळ हीच आमची शिकवणी. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन बघा. ते ती मुठीत धरतं आणि कागद फाडतं, कारण त्याची चिमूट अजून बसलेली नसते. ती बसावी म्हणून आम्ही चिंचोके उचलायला देतो, मणी ओवायला देतो, कणकेचे साप वळायला देतो. मोठे चिंचोके इकडे आणि लहान तिकडे ठेवले की तो गणिताचा पहिला धडा. आणि "पह्यला नंबर मन्हा" यावरून भांडण होऊन ते पोरांनीच आपसांत मिटवलं, की तो कशाचा धडा ते आमच्या ग्रामपंचायतीलाही शिकता आलं तर बरं होईल.

हे मला प्रशिक्षणात सांगितलं होतं आणि पुढं डोळ्यांनी दिसलंही. अडचण अशी की गावाला ते दिसत नाही. गावाला एवढंच दिसतं की पोरगं सकाळी गेलं, दुपारी आलं, आणि काय शिकलास विचारलं तर म्हणतं, "खेयनू," म्हणजे खेळलो.

माझी पहिली चूक कापसाची. आसपास जे मिळतं त्यातून खेळ तयार करा, असं आम्हाला सांगितलेलं. दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडे घराघरांत कापूस पडलेला असतो. मी टोपलंभर कापूस आणला आणि पोरांना त्यातली सरकी काढायला बसवलं. बोटांना याच्यासारखा व्यायाम नाही. अठरा पोरं अर्धा तास गप्प बसली. असं आमच्या अंगणवाडीत आधी कधी झालं नव्हतं. लताबाईंना तो खेळ इतका आवडला की त्यांनी खिचडी करपवली.

तिसऱ्या दिवशी शोभा आली. शोभा बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहायची, लोकांच्या वावरात मजुरीला जायची आणि तिची प्रज्ञा आमच्याकडे होती. तिनं टोपल्याकडे पाहिलं, मग प्रज्ञाच्या हाताकडे पाहिलं.

"ताई, मी कापूस येचस म्हनी पोरले आथं धाडस," ती म्हणाली. "तुमी तिले बी कापूसच दिन्हा?"

मी तिला चिमूट, बोटांची ताकद वगैरे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि स्वतःचे दोन्ही हात माझ्यापुढे धरले. कापसाच्या बोंडांनी ओरखडलेली ती बोटं बघून माझं प्रशिक्षण संपलं.

"बोटं मजबूत व्हतस," ती म्हणाली. "ते माले माहीत शे."

कापूस मी त्याच दिवशी परत केला. पण बोलणं गावभर झालं होतं, आणि ते नानांपर्यंत पोचलं.

नाना म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. तीस वर्षं धुळे-अमळनेर-चोपडा या भागात त्यांनी अशी शिस्त ठेवली होती की त्यांच्या गाडीत बकऱ्यासुद्धा रांगेनं चढायच्या, असं गावात सांगतात. त्यांचा नातू देवा आमच्याकडे. देवा चार वर्षांचा होता, पण नाना त्याला खांद्यावर आणायचे, ओट्यावर उतरवायचे आणि त्याच्या चपला स्वतः काढायचे. वरच्या आळीतले लोक नानांना विचारल्याशिवाय बैलसुद्धा घ्यायचे नाहीत. नेमकी त्याच वर्षी शहरातल्या एका इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन गावात यायला लागली होती. तीन-चार घरांनी नानांना विचारून ठेवलं होतं की पोरांना व्हॅनमध्ये बसवायचं का.

नाना ओट्यावर येऊन म्हणाले, "ताई, पाटी कोठे शे? पाटी नही, पुस्तक नही, ही कसानी शाळा? आखाजीलोंग मन्हा नातू अ आ इ ई लिखाले लागना तं ठीक. नही तं व्हॅन."

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. हातात पाच महिने होते. नानांचा देवा गेला की वरच्या आळीतली पोरं त्याच्यामागं जाणार हे नक्की. पट आणखी घसरला असता तर आमची अंगणवाडी नाल्यापलीकडच्या गावातल्या अंगणवाडीत मिळवून टाकणार होते, तसं मला तोंडी बजावलेलंही होतं. लताबाईंचं काम गेलं असतं. आणि शोभाच्या गल्लीतली पोरं रोज नाला ओलांडून कोण नेणार? ती सरळ आईबरोबर वावरात जाऊन बांधावर बसली असती. मला निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, आणि माझ्या हातून दाराला कुलूप लागावं हे मला सहन होणारं नव्हतं.

आता माझी पंचाईत बघा. वरून हुकूम होता की एवढ्या लहान मुलांना लिहायला अजिबात बसवू नका. खालून हुकूम होता की बसवा. मी मधोमध. मग मी जे केलं ते सांगते. प्रत्येक पोराला एक पाटी आणायला सांगितली. पोरं खिचडी खायला बसली की मी मागच्या बाजूला जायचे आणि अठरा पाट्यांवर स्वतः अ आ इ लिहायचे. मुलांचं वाटावं म्हणून थोडं वाकडं लिहायचे. काही पाट्या तर डाव्या हातानं लिहायचे. पोरं त्या पाट्या दप्तरात घालून घरी न्यायची. गावात आनंदीआनंद झाला. नाना भेटले की मान हलवायचे.

लताबाईंनी मात्र तो सगळा काळ भांडी फार मोठ्यानं घासली.

आमच्या पर्यवेक्षिका मॅडम महिन्यातून एकदा भेट द्यायच्या. बाई भल्या, पण पाटी दिसली असती तर मला चांगलंच बोलल्या असत्या. म्हणून त्यांची स्कूटी वळणावर दिसली की आम्ही सगळ्या पाट्या तांदळाच्या कोठीत टाकायचो. एकदा मॅडम आल्या आणि कोठीचं झाकण नीट बसेना. लताबाई चटकन झाकणावर बसल्या. मॅडम दीड तास होत्या, लताबाई दीड तास बसून होत्या. शेवटी मॅडम म्हणाल्या, "लताबाई, उठा, तांदूळ बघायचाय." लताबाई म्हणाल्या, "मॅडम, कंबर धरी गयी." मॅडमना कणव आली. त्यांनी पर्समधून मलम काढलं आणि, "लावा माझ्यासमोर, तुम्ही बायका अंगावर दुखणं काढता," असं म्हणाल्या. लताबाईंनी झाकणावर बसल्या बसल्या, मला डोळ्यांनी शिव्या देत, चांगल्या कमरेला मलम लावलं. ती आग संध्याकाळपर्यंत गेली नाही. पुढचे दोन दिवस त्या माझ्याशी फक्त मिठाबद्दल बोलल्या.

असे तीन महिने निघाले. होळी झाली, ऊन चढायला लागलं, आणि एक दिवस नाना देवाला न्यायला वेळेआधी आले. पोरं आत खिचडी खात होती. मी नुकत्याच सगळ्या पाट्या ओट्यावर ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. नाना मागं हात बांधून पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत गेले, मग परत शेवटच्या पाटीपासून पहिल्या पाटीपर्यंत आले.

"ताई, ह्या पाट्या कोन लिखस?"

"पोरं लिखतस, नाना."

"अठरा पोरं, आनि हात एकच?"

मी पाट्या गोळा करायला लागले.

"एसटीमा मी पासवरन्या खोट्या सह्या धरेल शेतस," नाना म्हणाले. "हात लपत नही. येत्या शनवारनी नही, तेन्हा पुढला शनवारनी पालकसभा शे ना? तठे सांगसू बठ्ठास्ले. आनि देवा व्हॅनमा बससी." बठ्ठास्ले म्हणजे सगळ्यांना, सगळ्या आयांपुढे.

अंगणवाडीताई झाल्यापासून मी पुस्तकी बोलायची सवय लावून घेतली आहे, पण राग आला की माझी अहिराणी आपोआप बाहेर येते. खरं तर राग माझाच मला आला होता, निघाला नानांवर.

"सांगा," मी म्हणाले. "खुशाल सांगा. पन पह्यलं आठ दिन आथं बठा. पोरं पाटीबिगर काय करतस ते दखा. तपासनी न करता कसाले रिपोर्ट देतस?"

मी असं का म्हटलं ते मला आजही नक्की सांगता येत नाही. पण तपासणी या शब्दानं नाना अडकले. कंडक्टर माणूस, तपासणीला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून, खिशाला पेन लावून, डायरी घेऊन हजर झाले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले.

ती डायरी पुढं मला वाचायला मिळाली. पहिल्या दिवशीची पानं अशी होती: "९.४०. सात पोरं वाळूत. कारण नाही. १०.०५. एक पोर रडते. कारण नाही. १०.०६. रडणं बंद. कारण नाही. १०.२०. ताई टाळ्या वाजवतात. पोरं बेडूक झाली. १०.३५. अजून बेडूक." दुसऱ्या दिवशी चिंचोक्यांबद्दल एक तक्रार होती आणि लताबाईंच्या उसळीबद्दल एक चांगला शेरा.

तिसऱ्या दिवशी पोरांनी बस काढली. हा खेळ मी शिकवलेला नव्हता, तो त्यांचा त्यांनीच काढला होता. सतरंजीच्या घड्या घालून सीटा केल्या. पातेल्याचं झाकण हातात घेऊन यश नावाचा मुलगा ड्रायव्हर झाला. लताबाईंची पिशवी गळ्यात अडकवून प्रज्ञा कंडक्टर झाली आणि कडुनिंबाची पानं तिकिटं म्हणून वाटू लागली. नाना खुर्चीत बसून बघत होते. त्यांचा पाय हलायला लागला. मग हात हलायला लागला.

"आरे, आशी कशी तिकीट देस?" शेवटी ते म्हणालेच. "पह्यलं इचार, कोठे जानं शे."

प्रज्ञानं विचारलं. एकाला धुळ्याला जायचं होतं, एकाला मामाकडे, आणि एकाला शी करायला. तिसरा प्रवासी लताबाईंनी उतरवून घेतला. गाडी सुटली.

"घंटी कोठे शे?" नाना उभे राहिले. "एक घंटी म्हंजे थांब. दोन घंट्या म्हंजे चाल. घंटीबिगर गाडी हालत नही."

लताबाईंनी ताट आणि पळी पुढं केली. पुढच्या पाच मिनिटांत नाना सतरंजीवर होते. बसलेले किती, उभे किती, एकूण किती, हे पोरांनी बोटं मोजून सांगितल्याशिवाय ते गाडी सोडेनात. पारोळ्याला चार उतरले, तीन चढले, आता किती? पोरं भांडली, पुन्हा मोजलं, बरोबर आलं. चार वर्षांची एक मुलगी बाहुली कडेवर घेऊन चढली.

"हिन्हं वय कितलं?" नानांनी विचारलं.

"तीन वरीस. हिले तिकीट नही."

"दखास तं मोठी."

"ती सुजेल शे," प्रवासी म्हणाली.

नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "तीस वरीस हाईच आयकं मी, ताई. बठ्ठ्या माया आशाच सांगतस."

मग ड्रायव्हर बदलायची वेळ आली आणि सगळ्यांनाच झाकण हवं होतं. रांग लागली. देवा रांगेत न थांबता पुढं गेला आणि पोरांनी त्याला मागं ढकललं. त्यानं ओठ काढला. नाना लगेच पुढं झाले.

"त्याले बसू द्या. मन्हा नातू शे तो."

प्रज्ञानं पिशवी सावरली, मान वर करून नानांकडे पाहिलं आणि हात पुढं केला. "पास दखाडा."

मी दुसरीकडे बघितलं, कारण अशा वेळी हसणं बरं नव्हे. लताबाई मात्र स्वयंपाकाच्या बाजूला पळाल्या आणि तिथे हसल्या. नाना उभेच राहिले. मग त्यांनी देवाचा हात धरला आणि त्याला रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलं. देवा थांबला. पहिल्यांदाच थांबला असावा. नंबर आल्यावर त्यानं गाडी चोपड्याच्या पुढं नेली. घरी जायच्या वेळी तो ओट्यावर बसून स्वतःच्या चपला स्वतः घालायला लागला. उजवी डाव्या पायात, डावी उजव्या पायात. नाना वाकले, पुन्हा सरळ झाले आणि नातवाला तसंच चालू दिलं. त्या दिवशी डायरीत एवढंच होतं: "१०.३० ते ११.४५. बस."

मला वाटलं, सुटले. पण नाना सरळ माणूस. शुक्रवारी जाताना मला म्हणाले, "ताई, खेय चांगला शे. पन पाट्यास्नं मी सांगनार." मी म्हणाले, "सांगा."

शनिवारी सभेला तीसेक बायका आल्या, चार आज्या आणि आजोबा म्हणून एकटे नाना. नानांनी डायरी उघडली आणि बेडकांपासून बसपर्यंत सगळं वाचून दाखवलं. मग चष्मा काढून ते म्हणाले, "आते पाट्यास्नं ताई सोता सांगतीन." तेवढी दया त्यांनी केली. मी उठले. सरळ सांगून टाकलं की पाट्या पोरं लिहीत नव्हती, मी लिहीत होते, हजार वेळा लिहिलं असेल, आणि ते चुकीचं होतं. पोरं व्हॅनमध्ये जाऊ नयेत म्हणून केलं, पण चुकीचं होतं.

एवढं बोलून मी खाली बसले. मग नानांची सून सुनीता पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"आमले माहीत शे, ताई," ती म्हणाली. "मन्हा देवा घर पाटीवर एक रेघ सरळ वढत नही, आनि आथं अ आ इ ई लिखस? आमी काय येड्या शेतस?"

"मंग बोलनी काबरं नही?" नानांनी विचारलं.

"तुमले दखाडाले पाटी पाह्यजे व्हती ना, नाना."

यावर जो हशा झाला तो नाल्यापलीकडे गेला असेल. कोणी सासूला दाखवत होतं, कोणी नवऱ्याला, कोणी शेजारणीला. मी आयांना फसवत होते आणि आया घरच्यांना फसवत होत्या, आणि सगळ्यांच्या मिळून टोकाला नाना बसले होते. नानांनी डायरी मिटली, पेन खिशाला लावलं आणि ते म्हणाले, "म्हंजे इनातिकीट मीच व्हतू." पाट्या त्या दिवसापासून बंद. वरच्या आळीतलं एकही पोर गेलं नाही. देवाच्या बापानं मात्र जूनमध्ये त्याचं नाव शहरात घातलंच, आणि देवा टाय लावून व्हॅनमध्ये बसला. नाना त्यानंतरही दर बुधवारी बस काढायला येत राहिले, नातू नसताना.

पण सांगता सांगता मी जूनपर्यंत पळाले. सभेचं अजून राहिलं आहे.

सगळ्या हसत असताना एक बाई हसत नव्हती. शोभा मागं दाराजवळ बसली होती. ती उठली, प्रज्ञाला उचललं आणि निघून गेली. सोमवारी प्रज्ञा आली नाही. मंगळवारी तिच्या गल्लीतली बाकीची पाच पोरंही आली नाहीत. लताबाई बोलवायला गेल्या आणि हात हलवत परत आल्या. "ती काही बोलत नही," एवढंच म्हणाल्या, आणि भांडी न घासताच बसून राहिल्या. नानांची सगळी आळी राखली होती मी, आणि ज्या पोरांसाठी दार उघडं राहायला हवं होतं तीच घरी बसली होती.

बुधवारी दुपारी मी शोभाकडे गेले. ती त्या दिवशी मजुरीला गेली नव्हती. प्रज्ञा जमिनीवर पालथी पडून पाय हलवत होती. शोभानं मला पाणी दिलं. मग भिंतीवरच्या फळीवरून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. ती पाटी होती. मी लिहिलेली पहिल्या दिवसाची पाटी, अ आ इ. तिनं ती पुसलीच नव्हती. प्रज्ञाला रोजच्या वापराला तिनं दुसरी पाटी घेऊन दिली होती.

"माले वाचता येत नही, ताई," शोभा म्हणाली. "मन्ही पोरनं पह्यलं अक्षर म्हनी मी हाई ठी दिन्हं. वावरमाथून उनी का रोज काढू, आनि वरथून बोट फिरावू. पुसाय नही इतलं हयूहयू." तिनं पिशवीची घडी घातली. "तं मी तुमना अक्षरवर बोट फिरावत व्हती."

बाकीच्या बायकांना माहीत होतं कारण त्यांना अक्षर कळत होतं. जिला कळत नव्हतं तिलाच मी खरं फसवलं होतं. मी तिची माफी मागितली. तीस वर्षांत मी पालकांची माफी मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही. मला फार लाज वाटली, आणि ती आजही गेलेली नाही. पाटी तिनं माझ्यापुढं सरकवली.

"आते पुशी टाका."

मी पुसायला फडकं शोधत बसले. पण प्रज्ञाला मोठ्यांचं काही पडलेलं नव्हतं. ती सरपटत आली, पाटीवर थुंकली, फ्रॉकच्या कडेनं खसाखसा पुसलं आणि माझ्या पिशवीत हात घालून खडूचा तुकडा काढला. चिमटीत धरला, मुठीत नाही. एक लांबलचक रेघ काढली, ती वळवून परत आणली. आत गोळे काढायला लागली. जीभ बाहेर, नाक पाटीला. आम्ही दोघी बघत होतो.

"काय शे हाई?" शोभानं विचारलं.

"बस."

"आनि हाऊ गोया?"

"हाई तू शे. खिडकीजोडे बठेल शे. आज तुले काम नही."

शोभानं बोट पुढं केलं आणि त्या गोळ्याजवळ नेऊन थांबवलं, टेकवलं नाही. मला बोलायला काहीतरी हवं होतं, म्हणून मी विचारलं, "आनि ताई कोठे शे?"

प्रज्ञानं बसच्या बाहेर, पार कोपऱ्यात, एक बारीक रेघ दाखवली. "ताई खाले उभी शे. तिन्ही बस चुकनी."

शोभा हसली. आधी नाकातून, मग चांगली मोठ्यानं, पदर तोंडावर न घेता. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले, ती पाटी घेतली, परत पिशवीत गुंडाळली आणि फळीवर ठेवली. मग लेकीला म्हणाली, "सकाय अंगणवाडीमा गयी का ताईले बी बसाडी ले बसमा."

प्रज्ञानं माझ्याकडे नीट बघितलं. आत किती बसलेत, किती उभे आहेत, ते बोटांवर मोजलं.

"जागा व्हई तं बसाडसू," ती म्हणाली.